आधी तालीम, मग संघ

पंजाब एफसी हा इंडियन सुपर लीगमध्ये खेळणारा पंजाबचा फुटबॉल क्लब. हाच क्लब २०१८ मध्ये ‘मिनर्व्हा पंजाब’ या नावाने आय-लीग जिंकून गेला. ही राष्ट्रीय स्पर्धा बराच काळ कोलकाता आणि गोव्याच्या बलाढ्य क्लबांची मानली जाई. मिनर्व्हाच्या मागे ना गिरणी होती, ना बँक, ना शंभर वर्षांची परंपरा. होती ती मोहालीजवळच्या दाऊँ गावातली एक प्रशिक्षण संस्था, आणि तीही मुळात फुटबॉलची नव्हती.

मिनर्व्हा अकादमी आपला इतिहास १९५५ पासूनचा सांगते. सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांकडून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेची आणि सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीची तयारी करून घेणे, हे तिचे काम. नावही त्याला साजेसे, कारण मिनर्व्हा ही रोमन लोकांची बुद्धीची आणि युद्धाचीही देवता. अशा संस्थेकडे वसतिगृह असते, भटारखाना असतो, पहाटे उठवणारी शिट्टी असते आणि मैदानही असते. फुटबॉलची अकादमी काढायला यापेक्षा फारसे काही लागत नाही. अकादमीचे चालक रणजित बजाज यांनी याच पायावर फुटबॉल उभा केला. क्लबची स्थापना २००५ ची, पण पहिली बरीच वर्षे बाहेरच्या जगाला त्याची खबर नव्हती. वरिष्ठ संघाचे नाव देशाला कळले ते २०१५-१६ च्या मोसमात, आय-लीगच्या द्वितीय श्रेणीत.

पंजाबला फुटबॉल नवा नव्हता. होशियारपूर जिल्ह्यातले माहिलपूर ही तर खेळाडूंची खाणच. तिथल्या खालसा कॉलेजात शिकलेला जर्नेलसिंग ढिल्लन १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या संघाचा आधारस्तंभ होता. एरवी बचावफळीत खेळणारा हा गडी डोक्याला जखम झालेली असताना अंतिम सामन्यात आघाडीला खेळला आणि गोलही करून आला. आघाडीवीर इंदरसिंग यांच्या पंजाब राज्य संघाने संतोष करंडकाच्या १९७४-७५ च्या अंतिम सामन्यात बंगालला ६-० असे धुतले होते. फगवाड्याच्या कापड गिरणीचा जेसीटी संघ १९९६-९७ मध्ये आय-लीगच्या आधीच्या राष्ट्रीय लीगचा पहिलावहिला विजेता ठरला. बायचुंग भुतिया तेव्हा याच संघात होता. पण गिरणीचा संघ गिरणीच्या मर्जीवर जगतो. २०११ मध्ये जेसीटीने संघ मोडला आणि राष्ट्रीय पातळीवर पंजाबची जागा रिकामी झाली.

ती भरून काढताना मिनर्व्हाने नेहमीचा क्रम उलटा केला. आपल्याकडे बहुतेक क्लब आधी वरिष्ठ संघ जमवतात, परदेशी खेळाडू आणतात आणि कुमार संघ मागाहून, अनेकदा केवळ परवान्याच्या अटीपुरते काढतात. मिनर्व्हात मुले आधी आली. ती मणिपूर आणि मिझोरमपासून पंजाबच्या खेड्यांपर्यंत कुठून कुठून आली आणि वसतिगृहात राहून शाळा आणि सराव दोन्ही करू लागली. महाराष्ट्रातल्या वाचकाला याची खूण कोल्हापुरात पटेल. तिथे पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल ही फुटबॉल संघांची नावे तालमींचीच आहेत. पेठेतली तालीम आधी, चेंडू नंतर. फरक इतकाच की कोल्हापूरची तालीम पेठेतल्या पोरांची असते आणि मिनर्व्हाची तालीम साऱ्या देशातून वेचून आणलेल्या पोरांची.

वेचण्याचे फळ कुमार गटांत लवकर दिसले. पंधरा वर्षांखालील राष्ट्रीय लीगमध्ये मिनर्व्हाची मुले अजिंक्य ठरू लागली. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरला, तेव्हा भारतीय संघात मिनर्व्हाचे एकापेक्षा अधिक खेळाडू होते. त्यांतला मणिपूरचा जॅक्सन सिंग आधी चंदीगड फुटबॉल अकादमीत शिकून २०१६ मध्ये मिनर्व्हात आला होता. ९ ऑक्टोबरला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर कोलंबियाविरुद्ध, सामना संपायला काही मिनिटे उरली असताना, संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातला भारताचा हा पहिला गोल. सामना १-२ असा हातचा गेला, तरी तो गोल राहिला. बचावाला उभा असलेला जालंधर जिल्ह्यातल्या आदमपूरचा अन्वर अली हाही मिनर्व्हाचाच. त्याच संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

वरिष्ठ संघाला आय-लीगचे दार उघडले त्यामागे गोव्याचीही एक कहाणी आहे. २०१५-१६ च्या द्वितीय श्रेणीत मिनर्व्हा दुसरा आला होता, पहिला होता गोव्याचा धेंपो. पण देशातल्या लीगच्या फेररचनेत आय-लीगचे स्थान खाली ढकलले जात असल्याचा निषेध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी २०१६ मध्ये अंग काढून घेतले. भारतीय फुटबॉलला हा तोटा फार महागात पडला. रिकाम्या झालेल्या जागांवर मिनर्व्हा आणि चेन्नई सिटी यांना प्रवेश मिळाला. पहिल्या मोसमात मिनर्व्हा दहा संघांत नववा आला. दहावा होता मुंबई एफसी, आणि त्याचे पुढे अस्तित्वच संपले. थोडक्यात, पुढच्या वर्षीचा विजेता त्या वर्षी उतरणीच्या उंबरठ्यावरून परत फिरला होता.

२०१७-१८ च्या मोसमात घरचे मैदान होते पंचकुल्याचे ताऊ देवीलाल स्टेडियम, म्हणजे पंजाबच्या क्लबचे घर हरियाणात. प्रशिक्षक मणिपूरचे खोगेन सिंग. आघाडीला भूतानचा चेन्चो ग्येल्तशेन, ज्याला त्याच्या देशात रोनाल्डोची उपमा दिली जाते. ८ मार्च २०१८ हा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा चार संघ विजेतेपदाच्या शर्यतीत होते. मिनर्व्हाचे ३२ गुण, इंफाळच्या नेरोकाचे ३१, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचे ३०-३०. तिन्ही सामने एकाच वेळी सुरू झाले. पंचकुल्यात घानाच्या विल्यम ओपोकूने पूर्वार्धातच चर्चिल ब्रदर्सवर गोल केला आणि उरलेला वेळ मिनर्व्हाने तो जपण्यात घालवला. ईस्ट बंगाल-नेरोका १-१, मोहन बागान-गोकुलम १-१. मिनर्व्हा ३५ गुणांवर विजेता. जेसीटीनंतर उत्तर भारतात पहिल्यांदाच हा मान गेला.

त्यानंतरच्या वर्षी हाच संघ अकरा संघांत नववा आला. कारण सरळ आहे. अकादमीतून उभ्या राहिलेल्या क्लबचा माल चांगला निघाला की गिऱ्हाईक दारात येते. चेन्चो बेंगळुरूला गेला आणि इतरही पांगले. अशा क्लबला टिकण्याचा एक रस्ता फिफाच्या नियमांनी दिला आहे. खेळाडूने पहिला व्यावसायिक करार केला की त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षण-भरपाई मिळते. पुढे तो देशाबाहेर मोबदल्यावर बदलून गेला, तर रकमेतला पाच टक्के वाटा बारा ते तेवीस या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत विभागला जातो. युरोपातल्या कित्येक लहान क्लबांचा संसार यावर चालतो. पण भारतीय खेळाडू परदेशी विकला जाणे अजून दुर्मीळच, तेव्हा हा झरा आपल्याकडे बारीक वाहतो. तिकीटविक्री तुटपुंजी, प्रक्षेपणाचे पैसे जवळपास नाहीत आणि प्रवास मात्र ऐझॉलपासून कोझिकोडपर्यंत. त्यातच आय-लीगच्या विजेत्याला वरच्या श्रेणीत बढती नव्हती, कारण इंडियन सुपर लीग बंद दाराआड चालत होती. बजाज यांचे भारतीय फुटबॉल महासंघाशी वारंवार खटके उडाले आणि क्लब बंद करण्याची भाषाही एकदा नव्हे, अनेकदा झाली.

शेवटी क्लब आणि अकादमी वेगळे झाले. वरिष्ठ संघ राउंडग्लास या उद्योगसमूहाकडे गेला आणि २०२० मध्ये राउंडग्लास पंजाब झाला. अकादमी बजाज यांच्याकडेच राहिली. नव्या मालकांनी पैसा ओतला, पण कुमार गटांचे काम सोडले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. ग्रीक प्रशिक्षक स्टायकोस व्हेर्गेटिस आणि स्लोव्हेनियाचा गोलवीर लुका मायत्सेन यांच्या जोरावर या संघाने २०२२-२३ ची आय-लीग २२ सामन्यांत ५२ गुण मिळवून जिंकली. दुसऱ्या क्रमांकाचा श्रीनिदी डेक्कन दहा गुणांनी मागे होता. याच मोसमापासून विजेत्याला बढती लागू झाली होती, म्हणून केवळ मैदानावरच्या कामगिरीने इंडियन सुपर लीगमध्ये पोहोचलेला पहिला क्लब म्हणून पंजाब एफसीची नोंद झाली. पहिल्या मोसमात तो आठवा आला. मात्र घरचे सामने दिल्लीत, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर खेळला, म्हणजे तेव्हाही घर पंजाबाबाहेरच.

कागदोपत्री २०१८ चे विजेतेपद आज पंजाब एफसीच्या नावावर आहे, आणि ते योग्यच. पण ते ज्या पद्धतीने मिळाले ती पद्धत विकली गेली नाही, ती दाऊँमध्येच राहिली. २०२३ मध्ये अकादमीच्या तेरा वर्षांखालील मुलांनी स्वीडनमधला गोथिया कप जिंकला. २०२५ च्या उन्हाळ्यात तिची कुमार मुले पुन्हा युरोपात गेली. गोथिया कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी अर्जेंटिनाच्या संघाला ४-० असे हरवले आणि मग डेन्मार्कचा डाना कप व नॉर्वेचा नॉर्वे कपही जिंकूनच ती घरी परतली.