परक्या घरची भाऊबीज

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की आमच्या घरी दरवर्षी एक वाद होतो. माझ्या टेबलाच्या खणात फुटक्या अक्रोडाचे एक टरफल आहे. ते फेकून द्यावे असे सौभाग्यवतींचे मत, आणि राहू द्यावे असे माझे. यंदाही ते थोडक्यात बचावले. मग मनात आले की या टरफलाची हकीगत एकदा सांगून टाकावी.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात मोठा भूकंप झाला. जवळजवळ नऊ हजार माणसे गेली, लाखो घरे पडली. मी तेव्हा पस्तिशीत होतो. वर्गात वर्षानुवर्षे करुणरस शिकवणाऱ्या माणसाला कधीतरी वाटतेच, की आपण प्रत्यक्ष काहीतरी करावे. एका स्वयंसेवी संस्थेकडे नाव नोंदवले, दिवाळीच्या सुट्टीला महिन्याभराची बिनपगारी रजा जोडली, आणि ऑक्टोबरच्या आरंभी काठमांडूच्या विमानतळावर उतरलो. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागले. साल मात्र एकदम एकशे पस्तीसने पुढे गेले! आमचे शके १९३७, तर तिथे विक्रम संवत २०७२. मराठी माणसाने नेपाळच्या आश्रयाला जाण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. १८५९ साली नानासाहेब पेशवेही तिकडेच गेले होते. पण ते जीव वाचवायला गेले होते, मी उपकार करायला निघालो होतो. दोघांत शहाणा कोण, हे मला आठवड्याभरात कळले.

नुवाकोट जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझी नेमणूक होती. काठमांडूहून ककनीचा घाट ओलांडून त्रिशूलीकडे उतरणारी बस मिळाली, पण जागा टपावर. त्या दिवसांत डिझेलच नव्हते. २० सप्टेंबरला नेपाळची नवी राज्यघटना जाहीर झाली, तराईतल्या मधेसी लोकांनी तिच्याविरुद्ध आंदोलन पुकारले, आणि भारतातून येणारे मालाचे ट्रक सीमेवर अडकून पडले. भारत सरकार म्हणत होते, आम्ही नाकेबंदी केलेली नाही. नेपाळातला माणूस म्हणत होता, तुम्हीच केलीत. आणि टपावरच्या त्या गर्दीत भारतीय असा मी एकटाच होतो. कोणी विचारले तर काय उत्तर द्यावे, याचा विचार करीत मी दोरीला घट्ट धरून बसलो होतो. कोणी विचारले नाही. ते अधिकच अवघड वाटले.

ज्या घरी राहायचे ते घर उरलेच नव्हते. दगडमातीच्या भिंती एप्रिलात कोसळल्या होत्या. भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला. नेपाळात शनिवारी शाळांना सुट्टी असते, म्हणून मुले बाहेर होती. म्हैस मात्र गोठ्यात होती, ती गेली. आता पत्र्याच्या दोन टपऱ्या उभ्या होत्या. घरात म्हातारे बा, आमा, त्यांची सून आणि दहा वर्षांची नात. मुलगा कतारमध्ये मजुरीला. मोठ्या टपरीत एकच लाकडी खाट होती, आणि तिच्यावर माझे अंथरूण आधीच घातलेले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाहिले, तर बा जमिनीवरून उठताना कमरेला दोन्ही हात लावून बराच वेळ ओणवे उभे होते. खाट त्यांची होती. ती परत देण्याचा मी त्या महिन्यात किती वेळा प्रयत्न केला याची गणती नाही. प्रत्येक वेळी आमा एकच शब्द बोलत, "पाहुना!" या शब्दाला भाषांतर लागत नव्हते, आणि उत्तरही नव्हते.

बाकी भाषेने मात्र माझी चांगलीच फिरकी घेतली. लिपी तीच, निम्मे शब्द ओळखीचे. मराठीचा प्राध्यापक खूश! पहिल्या जेवणाला आमांनी विचारले, "मीठो छ?" मला वाटले, मीठ जास्त पडले का असे विचारताहेत. मी जोरजोरात मान हलवून 'नाही, नाही' म्हणालो. सगळ्यांचे चेहरे पडले. 'मीठो' म्हणजे चवदार. बा अंगणात उन्हाला बसून म्हणत, "आउनुस्, घाम ताप्नुस्," आणि मी कपाळ पुसू लागे. तिकडे घाम म्हणजे ऊन. 'सुन महँगो भयो' असे ते एकदा म्हणाले, तेव्हा मी बिचाऱ्या सुनेकडे पाहिले. सुन म्हणजे सोने. सुनेला बुहारी म्हणतात. आणि शेजारची पोरे मला 'दाइ' अशी हाक मारू लागली, तेव्हा माझी आजी असती तर हसून लोळली असती. आमच्याकडे दाई बाळंतपणे करते. तिकडे दाइ म्हणजे थोरला भाऊ. फक्त ती बुहारी मला कधी दाइ म्हणाली नाही. तिच्यालेखी मी 'सर' होतो.

तिचे माझ्यावाचून काही अडले नव्हते. माझे मात्र पदोपदी तिच्यावाचून अडत होते. पाणी ती खालच्या धारेवरून आणी. सकाळी नऊला वरणभात, रात्री पुन्हा वरणभात, कधी मक्याच्या पिठाचा ढिँडो आणि आंबवून वाळवलेल्या पाल्याचा गुन्द्रुक. वाढताना हात आखडता नसे. एके दिवशी मी लाडात येऊन, स्वतःच्या ताटातल्या चमच्याने भांड्यातली भाजी वाढून घेतली. बुहारी काही बोलली नाही. जेवणे आटोपल्यावर तिने ती सगळी भाजी शेजाऱ्यांच्या म्हशीपुढे नेऊन ओतली. जुठो! उष्ट्याखरकट्याचे हे नियम मी कोकणात आजीच्या हाताखाली शिकलो होतो आणि शहरात येऊन सोयीस्करपणे विसरलो होतो. त्या भाजीला घातलेले तेल दुकानातून उधारीवर आणलेले होते, हे मला नंतर नातीने सांगितले. माझ्या जेवणाचे पैसे संस्थेने त्यांना द्यायचे होते. ते आलेच नव्हते. मी ते आमांच्या हातावर ठेवले, तेव्हा त्यांनी प्रथम ते मोजले, आणि मग त्यांतले काही परत केले. त्या हिशोबात भाजीचे तेल धरले होते की नाही, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.

शाळा बांबूची आणि पत्र्याची होती. तिथे माझा उपयोग किती? गणित मला येत नसे, आणि इंग्रजी तिथल्या गुरुजींना माझ्याइतकेच येत होते. १९३४ च्या जानेवारीत याच भागाला आणि बिहारला मोठा भूकंप झाला होता. नेपाळात अजून त्याला 'नब्बे साल'चा भुइँचालो म्हणतात, कारण विक्रम संवत १९९० होते. तेव्हा पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनिअर बिहारात येऊन घरे उभारायला राबला होता. त्याच्यापाशी इंजिनिअरी होती. माझ्यापाशी अलंकार आणि वृत्ते!

मला वाचवले ते भाताने. दसरा झाला, आमांनी घटातले पिवळे जमरे कानावर खोवून कपाळी दही-तांदळाचा लाल टिळा लावला, आणि कापणी आली. मी कोकणातला. विळा हातात दिला तेव्हा बा हसत होते. दोन वाफे झाल्यावर ते हसायचे थांबले, आणि शेजाऱ्याला बोलावून त्यांनी मला दाखवले. त्या संध्याकाळी बुहारीने प्रथमच आपण होऊन एक प्रश्न विचारला. "सर, तुमच्या देशाने वाट का अडवली?" मी वर्तमानपत्रात वाचलेले सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, पत्रे महाग झाले, थंडी आली, औषध मिळत नाही, आणि तिहारला माझा भाऊ कसा येणार?

तिहार म्हणजे त्यांची दिवाळी. एक दिवस कावळ्याचा, एक कुत्र्याचा. आमच्या दाराशी पडून असलेल्या लुत भरल्या कुत्र्याच्या गळ्यात त्या दिवशी झेंडूची माळ होती, आणि ते मोठ्या ऐटीत फिरत होते. मग लक्ष्मीपूजन. १३ नोव्हेंबरला भाइटीका. आपली भाऊबीज, पण विधी अधिक मोठा. बुहारीने पहाटेच तांदळाच्या पिठाच्या सेल रोट्या तळल्या, न सुकणाऱ्या मखमली फुलांची माळ ओवली, आणि उंबऱ्याशी दोन अक्रोड ठेवले. मुहूर्त सकाळचा होता. ती वाटेकडे पाहत राहिली. बस नव्हतीच. मुहूर्त सरू लागला तेव्हा आमा काहीतरी पुटपुटल्या. बुहारी क्षणभर थांबली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दाइ, बस्नुस्."

मी पाटावर बसलो. तिने माझ्याभोवती तेलाची धार फिरवली, कपाळावर सात रंगांचा टिळा उभा रेखला, माळ घातली. मग उंबऱ्यावर दगडाने अक्रोड फोडला. भावाचे मरण असे चिरडायचे असते. एकच फोडला. दुसरा तिने तसाच ठेवला. मी ओवाळणी घातली. तिचे डोळे वाटेकडेच होते. फुटलेल्या अक्रोडाचे एक टरफल मी खिशात टाकले.

भाऊ दिवेलागणीला आला. आदल्या दिवशी निघून निम्मी वाट पायी तुडवली होती त्याने. मुहूर्त कधीच टळला होता, पण दुसरा अक्रोड फुटला. त्याच्या कपाळावरचे सात रंग दिव्याच्या उजेडात ओले दिसत होते. माझे वाळून गेले होते. मी इंडियाचा, हे कळल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने माझ्या ताटातली सेल रोटी संपलेली पाहून बहिणीला हाक मारली.

जेवून मी टपरीत आलो, तर खाटेवर त्याचे अंथरूण घातलेले होते. माझे अंथरूण खाली होते, बांच्या शेजारी, भिंतीकडेला. मला कोणी काही विचारले नव्हते. बांनी आपली गोधडी थोडी बाजूला ओढून घेतली, आणि मी आडवा झालो.