सगळीकडे एकच पासवर्ड वापरताय? मग चोराला तो ओळखायची गरजच नाही!

फेसबुकला जो पासवर्ड, तोच इन्स्टाग्रामला आणि तोच जीमेललाही. लक्षात ठेवायला सोपं जातं, म्हणून आपल्यापैकी अनेकजण असंच करतात. 'माझा पासवर्ड अवघड आहे, कोण ओळखणार?' असंही वाटतं. पण चोराला तो बऱ्याचदा आयताच मिळतो.

तो कसा?

२०१२ मध्ये लिंक्डइनच्या यूजर्सचे पासवर्ड चोरीला गेले. तेव्हा सुमारे ६५ लाख पासवर्ड बाहेर आल्याचं दिसलं. २०१६ मध्ये कळलं की खरा आकडा १० कोटींच्याही वर आहे. त्याच वर्षी मार्क झुकरबर्ग यांची ट्विटर आणि पिंटरेस्टवरची खाती हॅकर्सनी काही काळ ताब्यात घेतली. पासवर्ड लिंक्डइनच्या यादीत सापडला, असा त्यांचा दावा होता.

ड्रॉपबॉक्सनेही २०१२ मध्ये असाच प्रकार मान्य केला होता. दुसऱ्या साइटवरून चोरलेला पासवर्ड वापरून त्यांच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्यात कुणीतरी शिरलं होतं.

या प्रकाराला 'क्रेडेन्शियल स्टफिंग' म्हणतात. चोरलेले ईमेल आणि पासवर्ड सॉफ्टवेअरच्या मदतीने इतर शेकडो साइट्सवर लावून पाहिले जातात. म्हणजे हाती लागलेली एक किल्ली अख्ख्या बिल्डिंगच्या कुलपांना लावून बघायची. पासवर्ड कितीही अवघड असला तरी तो एकदा फुटला की उपयोग शून्य.

सगळ्यात जास्त धोका कुठे?

तुमच्या ईमेलला. कारण 'पासवर्ड विसरलात?' यावर क्लिक केलं की नवा पासवर्ड ठेवण्याची लिंक बहुतेक वेळा तिथेच येते. ज्याच्या हातात ईमेल, त्याच्या हातात बाकीची बरीच खाती.

मग करायचं काय?

१. आजच ईमेलचा पासवर्ड बदला. तो दुसरीकडे कुठेही वापरू नका.

२. पासवर्ड लांबलचक ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. उदाहरणार्थ, पोहे, छत्री, एसटी, कंदील, गुरुवार. (हेच शब्द मात्र घेऊ नका!) जन्मतारीख, मोबाइल नंबर, मुलांची नावं टाळा.

३. इतके पासवर्ड लक्षात कसे राहणार? त्यासाठी पासवर्ड मॅनेजर असतो. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींमध्ये त्याची सोय आहे.

४. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. म्हणजे पासवर्ड फुटला तरी दुसरं कुलूप शाबूत राहतं. मात्र ओटीपी कुणालाही सांगू नका, अगदी 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्यालाही नाही.

५. 'हॅव आय बीन पोन्ड' ही वेबसाइट सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केली. तिथे आपला ईमेल टाकला की तो कोणकोणत्या ज्ञात डेटाचोरीत सापडला आहे, हे कळतं.

सगळी खाती एका दिवसात बदलून होणार नाहीत. आज ईमेल, उद्या बँक, परवा सोशल मीडिया, असं करत गेलात तरी चालेल. घरात आई-बाबांचे फोन तुम्हीच सेट करून दिले असतील, तर त्यांचे पासवर्डही याच यादीत धरा.