बाजारातला 'हिबिस्कस टी' म्हणजे आपलीच अंबाडी. थंडगार शरबत घरी कसे कराल?

देसाईगंज (वडसा) : वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांवर गेला की वडशातही दुपारी रस्ते ओस पडतात. अशा वेळी शीतपेयाच्या बाटलीआधी घरातला अंबाडीचा डबा आठवावा. ऑनलाइन बाजारात 'हिबिस्कस टी' म्हणून महाग विकली जाते ती बहुतेकदा हीच लाल अंबाडी. इजिप्तमध्ये तिला करकदे म्हणतात, सेनेगलमध्ये बिसाप.

देवाला वाहतो ती जास्वंद तिची बहीण, पण शरबताला अंबाडीच लागते. तीही पाकळी नव्हे. फूल गळल्यावर बोंडाभोवती जे लाल, मांसल आवरण फुगते, ते. हिवाळ्यात बोंडे काढून, बी वेगळे करून ही आवरणे वाळवली की उन्हाळाभर पुरतात.

कृती सोपी आहे. दोन मुठी सुकी अंबाडी धुऊन लिटरभर उकळत्या पाण्यात टाका, लगेच गॅस बंद करा आणि १५ मिनिटे झाकून ठेवा. गाळून साखर, काळे मीठ, किसलेले आले घाला आणि फ्रीजमध्ये किंवा माठाशेजारी थंड करा. घाई नसेल तर साध्या पाण्यात रात्रभर भिजवा. चव जास्त मऊ येते. बर्फ घालणार असाल तर पाणी थोडे कमी घ्या. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते.

रंग जांभळा का होतो?

लाल रंग अँथोसायनिन या द्रव्याचा. आम्लात तो लाल राहतो, क्षारयुक्त पाण्यात जांभळट होतो. बोअरच्या पाण्याने असे झाले तर शरबत बिघडले असे समजून फेकू नका. लिंबाचे चार थेंब टाका, रंग परत येतो. गुळाने मात्र रंग मळकट होतो, चवीला तो चांगलाच. याच आंबटपणामुळे ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात हे करू नये. स्टील किंवा काच बरी.

बीपीची गोळी घेणाऱ्यांनी

२०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ जणांपैकी काहींना रोज तीन कप अंबाडीचा चहा सहा आठवडे दिला गेला. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ७ अंकांनी उतरला. म्हणजे गोळी सोडून शरबत प्यावे असे नव्हे, उलट गोळीसोबत रोज भरपूर प्यायचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. गरोदर महिलांनीही. आणि ऊन लागून चक्कर, उलटी सुरू झाली असेल तर हे शरबत ओआरएसची जागा घेत नाही. तेव्हा थेट दवाखाना गाठावा.

गाळून उरलेला चोथा टाकू नका. लसूण, तिखट, मीठ घालून वाटला की भाकरीसोबत चटणी होते.