गुप्त छावण्यांची अफवा आणि नागपूरचे मिसाबंदी

(लेखांक सहावा)

गेल्या लेखात आपण अमेरिकेतल्या 'फेमा छावण्यां'ची अफवा पाहिली. आपत्ती निवारणाचे काम करणाऱ्या 'फेमा' या सरकारी संस्थेने विरोधकांना डांबण्यासाठी छुप्या छावण्या बांधून ठेवल्या आहेत, असे तिथे 1980च्या दशकापासून सांगितले जाते. तशी छावणी कुणालाच दाखवता आलेली नाही. पण त्याच देशाने 1942 मध्ये जपानी वंशाच्या सुमारे 1 लाख 20 हजार लोकांना खरोखरच काटेरी तारांआड ठेवले. लष्कराला तसे अधिकार देणाऱ्या आदेशावर अध्यक्ष रूझवेल्ट यांनी 19 फेब्रुवारीला उघडपणे सही केली होती.

आपल्याकडेही कोंडणूक अशी उघडपणेच होत आली. सप्टेंबर 1939 मध्ये दुसरे महायुद्ध पेटताच ब्रिटिशांनी भारतातल्या जर्मन पुरुषांना धरून अहमदनगरच्या छावणीत ठेवले. हिटलरच्या छळातून सुटून इथे आश्रयाला आलेले ज्यूही त्यांत होते. चीनबरोबरच्या 1962च्या युद्धानंतर स्वतंत्र भारताने चिनी वंशाच्या सुमारे 3 हजार रहिवाशांना राजस्थानातल्या देवलीला नेले. काहींच्या सुटकेला चार वर्षांहून अधिक काळ लागला. हे सारे कायद्याच्या आधारे झाले.

नागपूरकरांना याचा सर्वांत जवळचा अनुभव आणीबाणीचा. 'मिसा' या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली देशभरात सुमारे 35 हजार माणसे स्थानबद्ध झाली. अटकेची कारणे सांगण्याचे बंधन सरकारने कायदा बदलून काढून टाकले. 27 जून 1975च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने जीविताच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाटही बंद झाली. तरीही मिसाबंद्यांनी हेबियस कॉर्पस, म्हणजे बंदिवानाला न्यायालयापुढे हजर करण्याच्या, याचिका केल्या आणि अनेक उच्च न्यायालयांनी त्या ऐकून घेता येतात असे ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ त्यांपैकी एक.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी विचारले, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असे उत्तर ॲटर्नी जनरल निरेन डे यांनी दिले. 28 एप्रिल 1976 रोजी चार विरुद्ध एक मतांनी निकाल सरकारच्या बाजूने लागला. विरोधात एकटे खन्ना होते. पुढच्या वर्षी त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले गेले. 1978च्या 44व्या घटनादुरुस्तीनंतर मात्र आणीबाणीतही जीविताचा हक्क स्थगित करता येत नाही.

2019 मध्ये नवी मुंबईतल्या नेरूळला बेकायदा परकीयांच्या स्थानबद्धता केंद्रासाठी जागा मागितल्याची बातमी आली, तेव्हा भीती आणि अफवा एकत्रच पसरल्या. अशा वेळी घाबरलेल्या माणसाला हसू नये. त्याच्या हाती माहिती द्यावी. न तपासता पुढे पाठवलेला व्हिडिओ खोटा ठरला, की खऱ्या स्थानबद्धांच्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो.

'एमपीडीए' या राज्याच्या धोकादायक कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली कुणी स्थानबद्ध झाल्याची बातमी नागपूरच्या वर्तमानपत्रांत आजही नेहमी येते. ती वाचताना तीन प्रश्न विचारा: आदेश कोणत्या कायद्याखाली निघाला? त्या माणसाला कारणे कळवली का? स्थानबद्धतेची छाननी करणाऱ्या सल्लागार मंडळापुढे प्रकरण गेले का? हे प्रश्न विचारणारे नागरिक जितके जास्त, तितकी उघडपणे होणारी कोंडणूक अवघड.