गाडी आणि आपण : एसीला गॅस भरण्याआधी

रामनवमी जवळ आली की घनसावंगीकडून जांब समर्थला जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची वर्दळ वाढते. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव. त्यांचा जन्म १६०८ सालचा, तोही रामनवमीचाच, त्यामुळे इथला उत्सव दुहेरी. पूर्वी माणसं परतूरला रेल्वेतून उतरून पुढे यायची, आता बहुतेक जण आपापली चारचाकी काढतात. हिवाळाभर बंद असलेला एसीही नेमका याच दिवसांत पहिल्यांदा लागतो. ब्लोअर चारवर ठेवला तरी वारा नुसता फुरफुरतो, मागच्या सीटवरची आजी पदरानं वारा घेत बसते आणि पुढे बसलेला कुणीतरी हमखास म्हणतो, "गॅस संपला असेल, भरून घ्या."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो आणि कमी झालाच तर कुठेतरी गळतो म्हणून. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. त्याआधी एक साधी परीक्षा करा. ब्लोअर पूर्ण वेगात लावून हात जाळीसमोर धरा. वारा जोरात येतोय पण कोमट आहे, तर गॅस, कंप्रेसर, कंडेन्सर यांच्याकडे बघायचं. वारा गार आहे पण येतोय कमी, आवाज मात्र मोठा, तर बहुतेक वेळा गुन्हेगार एकच : केबिन फिल्टर. गॅरेजवाले त्याला सरसकट एसी फिल्टर म्हणतात, आपणही तेच म्हणू.

बॉनेटखालचा एअर फिल्टर वेगळा. तो इंजिनासाठी असतो, हा आपल्या फुप्फुसांसाठी. समोरच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी जी जाळी दिसते, तिथून बाहेरची हवा आत शिरते. ती ब्लोअरमधून कूलिंग कॉइलवर जाते आणि मग आपल्या तोंडावर येते. या वाटेवर घड्या घातलेल्या कापडी कागदासारखा एक चौकोन बसवलेला असतो. तो नुसता चाळणीसारखं काम करत नाही. त्याच्या कृत्रिम धाग्यांवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो, त्यामुळे छिद्रांपेक्षा बारीक कणही धाग्यांना चिकटतात. काळपट दिसणाऱ्या महागड्या फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाचा थर असतो, तो काही प्रमाणात वास आणि धूरही धरतो. अमेरिकेतल्या नॅश कंपनीनं १९३८ मध्येच बाहेरची हवा गाळून गाडीत घेण्याची सोय केली होती, तरी आपल्याकडच्या साध्या गाड्यांत हा फिल्टर यायला बराच काळ गेला. काही जुन्या आणि स्वस्त मॉडेलमध्ये तो आजही नसतो. फिल्टरची जागा तेवढी असते आणि तिच्यावर प्लॅस्टिकचं झाकण. गाडीचं माहितीपुस्तक एकदा उघडून बघा.

आता बदलायचा कधी? पुस्तकात साधारण १५ ते २० हजार किलोमीटर किंवा वर्ष, असं काहीसं लिहिलेलं असतं. धुळीच्या भागात त्याच्या आधी, असंही बारीक अक्षरात असतं. जांबच्या आसपास राहणाऱ्यानं ते बारीक अक्षरच खरं मानावं. माझं तर म्हणणं आहे की इकडे किलोमीटर मोजूच नयेत, सुगी मोजावी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला रस्त्याकडेला सोयाबीनची मळणीयंत्रं चालू होतात, भुसकट हवेत तरंगत असतं. मग कापसाची वेचणी. पाठोपाठ ऊसतोड, कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर आणि त्यांच्या मागचा फुफाटा. पुढे तुरी, हरभरा, गहू. चैत्र उजाडेपर्यंत फिल्टरनं हे सगळं खाल्लेलं असतं. म्हणून बदलायचा मुहूर्त एकच : सुगी संपल्यावर, उन्हाळ्याचा एसी सुरू होण्याआधी. ज्यांची गाडी रोज शेतात जाते, त्यांनी पावसाळा संपल्यावर एकदा उघडून पाहावा. बांधावरच्या गाजरगवताचे परागकणही हाच अडवतो, ज्यांच्या घरात दम्याचं किंवा शिंकांचं माणूस आहे त्यांनी तर टाळाटाळ करू नये.

बदलणं अवघड नाही. बऱ्याच गाड्यांत फिल्टर डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. कप्पा आधी रिकामा करा. एका बाजूला छोटी दांडी किंवा दोरी अडकवलेली असेल तर ती सोडवा, मग कप्प्याच्या दोन्ही भिंती आत दाबा, तो पूर्ण खाली लोंबेल. मागे आडवं प्लॅस्टिकचं झाकण दिसेल, त्याचे चाप दाबून ते काढा आणि फिल्टर सरळ बाहेर ओढा. सावकाश ओढा, झटका दिला की सगळा कचरा ब्लोअरमध्ये पडतो. कडुलिंबाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीचा फिल्टर एकदा बघण्यासारखा असतो : घड्यांमध्ये वाळलेली पानं, कापसाचे तंतू, सोयाबीनच्या टरफलांचा चुरा, किड्यांचे पंख आणि त्या सगळ्याला धरून ठेवणारी काळ्या मातीची पूड.

नवा बसवताना बाण बघायचा. काहींवर वरची बाजू दाखवणारा बाण असतो, काहींवर हवेची दिशा. गोंधळ झालाच तर जुना फिल्टर हातात घ्या. जी बाजू जास्त मळलेली, ती हवा येण्याची बाजू.

"हवा मारून देतो, नवा कशाला," असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगणारच. कॉम्प्रेसरच्या हवेनं वरची पानं उडतात, पण धाग्यात रुतलेली बारीक धूळ निघत नाही आणि धागे फाटू शकतात. धुतल्यावर तर विद्युतभारही जातो, आणि ओलसर राहिला की कुबट वास येतो. काही शे रुपयांच्या वस्तूसाठी एवढा लोभ कशाला? अगदी अडलंच तर हातानं हळूच झटकून चार दिवस चालवा.

एक सावधगिरी मात्र हवी. शेजारच्या शेतात कपाशीवर फवारणी चालू असेल तर फिल्टरच्या भरवशावर राहू नका. औषधाची वाफ साधा फिल्टर अडवत नाही, कोळशाचाही पुरता अडवत नाही. काचा वर, आतली हवा फिरवण्याचं बटण चालू आणि तिथून लवकर पुढे. तेच बटण तासभर चालू ठेवून पाच माणसं बसली तर आत कार्बन डायऑक्साइड साठतो, चालकाला पेंग येते. मधूनमधून बाहेरची हवा आत घ्या.

आणि उंदीर. गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या पोत्यांजवळ गाडी लावत असाल तर फिल्टरला भोक पडलेलं, त्यावर गव्हाचे दाणे आणि लेंड्या, हे चित्र इकडच्या मेकॅनिकला नवं नाही. तेव्हा फक्त फिल्टर बदलून भागत नाही. ब्लोअर साफ करून घ्या, आणि काचेखालच्या जाळीत फट असेल तर बारीक तारेची जाळी लावून घ्या.

नवा फिल्टर घालूनही वारा कमीच राहिला, किंवा कुबट वास गेला नाही, तर कूलिंग कॉइलवर घाण बसली आहे, ती साफ करायला सांगा. वारा भरपूर येतोय आणि तरीही गार नाही, तेव्हाच गॅसचं बोला, आणि तेही "आधी गळती बघा" असं सांगूनच.