इंदिरा हत्तीण

मुलांनो, गणेशचतुर्थीला आपण मॉरिशसमध्ये गणपतीची पूजा करतो. त्याची लांब सोंड आणि सुपासारखे कान तुमच्या चांगले ओळखीचे आहेत. पण खराखुरा हत्ती तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? आपल्या बेटावरच्या रानात हत्ती नाहीत. जगात असे पुष्कळ देश आहेत. पूर्वी अशा देशांत हत्तींना गावोगाव नेऊन लोकांना दाखवत असत. कधी ते सर्कशीत खेळ करत, तर कधी फिरत्या प्राणिसंग्रहालयाबरोबर जात. अशाच एका हत्तिणीची आणि तिच्या माहुताची ही खरी हकीकत आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानमधील तोक्यो शहरात उएनो नावाचे मोठे प्राणिसंग्रहालय होते. तेथे तीन हत्ती होते. शहरावर बाँब पडून पिंजरे मोडले, तर मोठे प्राणी रस्त्यावर येतील, अशी अधिकाऱ्यांना भीती वाटली. १९४३ साली त्यांनी अशा प्राण्यांना मारण्याचा हुकूम दिला. हत्तींचे खाणे बंद झाले. तिन्ही हत्ती उपाशी मेले.

१९४५ साली युद्ध संपले. त्यानंतर साऱ्या जपानमध्ये दोनच हत्ती उरले. पूर्वी सर्कशीत असलेले हे हत्ती नागोया शहरात होते. त्यांना पाहण्यासाठी १९४९ साली मुलांकरिता खास आगगाड्या सोडण्यात आल्या. तोक्योच्या मुलांना मात्र आपल्या शहरातच हत्ती हवा होता. त्यांनी भारताचे पंतप्रधान पंडित नेहरू यांना पत्रे लिहिली. पंडितजींनी त्यांचे म्हणणे ऐकले. मैसूरची एक हत्तीण त्यांनी जपानच्या मुलांना भेट दिली. आपल्या मुलीचे 'इंदिरा' हे नाव त्यांनी तिला दिले. १९४९ च्या सप्टेंबर महिन्यात इंदिरा तोक्योला पोहोचली.

हत्तीची निगा राखणाऱ्या आणि त्याला शिकवणाऱ्या माणसाला माहूत म्हणतात. तो हत्तीच्या मानेवर बसतो. पायाच्या बोटांनी तो हत्तीच्या कानामागे दाबतो आणि तोंडाने हुकूम देतो. बस, ऊठ, चल, थांब असे ठरावीक शब्द हत्ती शिकतो. इंदिराला हे शब्द कन्नड भाषेत शिकवले होते. जपानी भाषा तिला मुळीच कळत नव्हती! मग काय करायचे? उएनोच्या माहुतांनीच ते कन्नड शब्द शिकून घेतले.

१९५० साली उएनोच्या प्राण्यांचे एक फिरते प्राणिसंग्रहालय निघाले. त्यात इंदिराही होती. अनेक महिने ती गावोगाव फिरली. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरही ती गेली. हत्तीबरोबर प्रवास करणे सोपे नसते. मोठ्या हत्तीला रोज शंभर किलोहून अधिक चारा लागतो. पाणीही खूप लागते. रोज नवी जागा, नवी गर्दी आणि नवा गोंगाट! अशा वेळी हत्तीला आपल्या माहुताच्या ओळखीच्या आवाजाचाच आधार असतो.

हा आवाज किती मोलाचा असतो, ते १९६७ साली दिसले. उएनोमध्ये दुसऱ्या हत्तीशी झालेल्या भांडणात इंदिरा आपल्या कुंपणाबाहेर आली. काही केल्या ती परत जाईना. अनेक वर्षे तिची निगा राखणारा माहूत तेव्हा फार आजारी होता. तरीही तो अंथरुणातून उठून आला आणि तिच्याशी बोलला. इंदिराने त्याचे ऐकले व ती आत गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो माहूत वारला.

हत्तीची स्मरणशक्ती चांगली असते. केनिया देशातील हत्ती माणसांचा नुसता आवाज ऐकून कोणापासून धोका आहे ते ओळखतात, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. जो हत्ती माया विसरत नाही, तो मारही विसरत नाही. सर्कशीतल्या कित्येक हत्तींना साखळ्यांनी बांधत आणि अंकुशाने टोचत. शिवाय हत्ती हा कळपात राहणारा प्राणी आहे. घरच्यांपासून दूर एकटे राहणे त्याला जड जाते. म्हणून अनेक देशांत आता हत्तींचे खेळ होत नाहीत. अमेरिकेतील प्रसिद्ध रिंगलिंग सर्कशीने २०१६ साली ते थांबवले.

इंदिरा १९८३ साली मरण पावली. जपानच्या मुलांना तिने पुष्कळ आनंद दिला. त्यासाठी तिला मात्र आपले रान सोडावे लागले होते. त्या दूरच्या देशात तिला समजून घेणारी माणसे भेटली, कारण आधी त्यांनी तिची भाषा शिकून घेतली होती.