दोष हाताखाली की पायाखाली?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरची सलग वाट मिळाली. गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणारं, पण एरवी गर्दीत शोभेपुरतं उरलेलं क्रूझ कंट्रोलचं बटण अनेकांनी तिथे पहिल्यांदाच दाबलं. काहींच्या गाडीने ते ऐकलंच नाही. मग गॅरेजमधलं ठरलेलं उत्तर: ‘स्विच गेलाय, स्टिअरिंगचा सेट बदलू.’

माझ्या ओळखीतले सिन्नरचे एक वायरमन मात्र अशा वेळी आधी गाडीच्या मागे जाऊन उभे राहतात. ‘ब्रेक दाबा. सोडा.’ दिवा लागतो का, सोडल्यावर विझतो का, एवढंच बघतात. ब्रेकला पाय लागताच क्रूझ सुटलं पाहिजे, हा या यंत्रणेचा पहिला नियम. पेडलवरचा स्विच अडकला, तर पाय ब्रेकवरच आहे अशी कॉम्प्युटरची समजूत होते आणि तो क्रूझ धरतच नाही. गंमत अशी, की या स्विचमध्ये बहुधा दोन सर्किटं असतात. दिव्याचं ठणठणीत आणि दुसरं मेलेलं, असंही होतं. गिअरच्या गाडीत क्लचचा स्विचही तपासावा लागतो.

पेडल निर्दोष सुटलं की स्कॅनर. लाइव्ह डेटा लावून स्टिअरिंगवरचं एकेक बटण दाबायचं. बऱ्याच गाड्यांत ही सगळी बटणं एकाच वायरवर असतात. प्रत्येकाचा रेझिस्टन्स वेगळा, त्यावरून कोणतं दाबलं ते कळतं. आकडा थरथरला, तर बटणाचा कॉन्टॅक्ट झिजलाय. सगळीच बटणं मुकी, हॉर्न गप्प आणि एअरबॅगचा दिवा पेटलेला, तर संशय स्टिअरिंगमागच्या गुंडाळलेल्या पट्टीवर, म्हणजे क्लॉक स्प्रिंगवर. तिथे एअरबॅग असते, त्यामुळे व्हिडिओ बघून घरी उघडायचा हा भाग नव्हे.

क्रूझ लागत नाही हा खरं तर सभ्य बिघाड. अमेरिकेत फोर्डच्या गाड्यांत उलटं झालं होतं. क्रूझ तोडणाऱ्या स्विचमधला पातळ पडदा तडकून ब्रेकचं तेल विजेच्या कॉन्टॅक्टपर्यंत पोचायचं. चावी काढली तरी त्या स्विचला सप्लाय चालूच, त्यामुळे उभ्या गाड्या पेटल्या. १९९९ ते २००९ या काळात टप्प्याटप्प्याने सुमारे १.४ कोटी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. स्विच छोटा म्हणून त्याच्याकडे काणाडोळा करणं किती महागात पडतं, त्याचा हा हिशेब.

आपल्याकडचा हिशेब वेगळाच. तासभर तपासून वायरमनने पैसे मागितले, की ‘केलं काय तुम्ही?’ म्हणून आपण घासाघीस करतो. न तपासता महागडा सेट बसवणाऱ्याला मात्र निमूट पैसे मोजतो, कारण जुना पार्ट पिशवीत घालून हातात मिळतो. सिन्नरचे वायरमनही आता ग्राहकाला गाडीच्या मागे नेऊन दिवा दाखवतात, मगच बिल सांगतात.